बारा वर्षं, सव्वीस हजार किलोमीटर

५ नोव्हेंबर, मंगळवार
आज पुन्हा शहाद्याहून नंदुरबारची फेरी चुकली. शेजारचा कैलास गाडी घेऊन नऊला यायचा होता. साडेदहाला फोन. "मावशी, आज पपईना गाडीवर जानं पडी ऱ्हायनं. उद्या जाऊत ना."
उद्या कशाला? बोलायला शिकवणाऱ्या मॅडम मंगळवारी नि शुक्रवारीच बसतात.
हे आठपासून तयार होऊन ओट्यावर. बुटाची नाडी मीच बांधली होती, मीच सोडली. काही म्हणाले नाहीत. म्हणणार तरी कसं? गेल्या वर्षी श्रावणात झटका आला तेव्हापासून उजवी बाजू गेली आणि शब्दही. "सुमन" येतं. "हो" आणि "नको" येतात, पण कधी कधी एकाच्या जागी दुसरं. बाकी सगळं आत अडकलेलं. कळतं सगळं. हीच तर पंचाईत.
एस.टी.त चढवणं होत नाही, दोनदा करून पाहिलं.
मॅडम म्हणाल्या होत्या, खंड पाडू नका काकू, हेच दिवस महत्त्वाचे. या महिन्याभरात चौथा खंड.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
आजही कैलास नाही. विचारलंच नाही.
अभयचा पुण्याहून फोन. दिवाळीत आला तेव्हा नवी बॅटरी टाकून गाडी सुरू करून गेला होता, तेव्हापासून एकच पालुपद. "आई, गाडी काढून टाक. सव्वीस हजारच चाललीय, नव्यासारखी आहे. उभी राहून सडेल."
म्हटलं, विकायची नाही. वापरायची आहे. आठवड्यातून दोनदा नंदुरबार.
"चालवणार कोण?"
मी विषय बदलला. सूनबाईची तब्येत विचारली.
फोन ठेवल्यावर कपाटातून लायसन्स काढलं. माझं. तेहतीस वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नाही, पण मुदत संपली की दर वेळी नंदुरबारला जाऊन नवं करून आणलं. ह्यांना सांगायची, शाळेचं काम आहे. का करत होते कोण जाणे. फोटोत प्रत्येक वेळी केस थोडे आणखी पांढरे.

११ नोव्हेंबर, सोमवार
शब्बीरभाई मिस्तरींना बोलावलं. ह्यांच्या पहिल्या जीपपासून हात त्यांचाच. त्यांच्या वडिलांचं गॅरेज होतं तेव्हा हे भाई जमिनीवर पडून नट पुसायचे. आता स्वतःचे गुडघे धरून खाली बसतात.
आल्या आल्या आधी ह्यांच्यापाशी गेले. "सलाम डॉक्टरसाहेब. काय म्हनस गाडी?" ह्यांनी डावा हात वर केला. मग दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघून नुसते हसत होते.
कव्हर काढलं. मी म्हटलं, बॅटरी नवी आहे, गाडी सुरू होते, फक्त धुऊन द्या.
भाईंनी बॉनेट उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. वर्गात चुकीचं उत्तर आलं की मी बघायची तसं. "बाई, किलोमीटर नका देखा, वरीस देखा. फिरनी नही म्हनीसन वय थोडंच थांबस? उभी गाडी बी म्हतारी व्हस."
एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर निघालं. कापूस, ज्वारीचं कणीस, नि ह्यांच्या जुन्या रुमालाची निळी किनार. दोन वायरी कुरतडलेल्या. टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून मला हुंगायला दिलं, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. ब्रेकचं ऑइल चहासारखं लाल झालेलं. म्हणाले, हे हवेतलं पाणी पितं, उभ्या गाडीत जास्तच. मागची चाकं हँडब्रेक ओढून ठेवल्यामुळे जागीच धरलेली. अभयने दिवाळीत इंजिन सुरू केलं खरं, पण गाडी हलवून पाहिलीच नव्हती.
हे खुर्ची शेडपर्यंत न्यायला लावून दिवसभर तिथेच. जेवायलाही आत आले नाहीत. ताट तिथेच दिलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
चौथा दिवस. ऑइल, कूलंट, प्लग, फिल्टर, सगळं नवं. फॅनबेल्ट वाकवून दाखवला, भेगाच भेगा. ऊन लागलेल्या टाचेसारख्या. मागचे ड्रम खोलले, गंज घासला. भाईंचं म्हणणं, जास्त चालणाऱ्या गाडीचं सामान झिजतं, कमी चालणारीचं सुकतं. "सुकेल जास्त फसाडस बाई. वरथून चांगलं दिखस."
डॅशबोर्डच्या खणातून ह्यांची वही निघाली. मला वाटायचं त्यात फक्त सर्व्हिसिंगच्या तारखा असतील. आहेतच. पण मध्ये मध्ये प्रत्येक फेरी. निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली गाडी, तरी गुरांचे डॉक्टर असताना दवाखान्याचा रिपोर्ट लिहायचे तसंच लिहिलंय.
"प्रकाशा. सुमनसोबत. दर्शन नाही, नुसतं बसलो. २८ किमी."
"चिंचपाडा. सुमनचा डोळा दाखवला. परतताना पाऊस. वायपर बदलणे."
"मोलगी बाजार. एकटा. आमचूर, भगर. एका शेळीचं पोट फुगलं होतं. उतरलं."
"शाळेपर्यंत. सुमनचा शेवटचा दिवस. हार मागच्या सीटवर."
त्या दिवशी मी शाळेतून निघाले तेव्हा मुली रडत होत्या आणि मीही. हे गेटबाहेर गाडी लावून उभे. घरी यायला दहा मिनिटं लागतात, ह्यांनी तासभर फिरवलं. एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा बोलता येत होतं, तरीही.
वही बंद केली. चार ओळी एका वेळी पुरतात.

१७ नोव्हेंबर, रविवार
आज मी गाडी चालवली.
लोणखेड्याच्या पुढच्या मोकळ्या रस्त्याला. शब्बीरभाई बाजूला. त्यांना सांगितलं होतं, ह्यांना कळू देऊ नका. क्लच सोडताना गाडी तीनदा बंद पडली. भाई म्हणाले, "पडू द्या. तिन्हा बी सराव व्हई जाई." मग चौथ्यांदा निघाली आणि पाय आपोआप आठवले. हाताला नाही आठवलं, पायांना आठवलं.
लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. प्रकाशाला तेव्हा बॅरेज नव्हतं, तापीचं पात्र उघडं पडायचं, मैलभर वाळू, मध्ये डांगरवाडीचे, म्हणजे टरबूज-खरबुजांचे पट्टे. हे जुनी जीप तिथे उतरवून मला चालवायला द्यायचे. मी साडी खोचून. "वाळूत गाडी आपटत नाही, रुतते फक्त. रुतली की मी आहे." रुतलीच. डांगरवाडीवाल्याने, त्याच्या बायकोने आणि ह्यांनी मिळून ढकलली. मी आत बसून हसत होते, ती बाई बाहेर हसत होती. मग तिने डांगर फोडून दिलं. गरम होतं, उन्हाने. तसं गोड पुन्हा खाल्लं नाही.
बायकोला गाडी शिकवतो म्हणून सासूबाई ह्यांच्याशी आठ दिवस बोलल्या नव्हत्या. ह्यांना काही फरक पडला नाही.
भाई उद्यापासून नवापूरला, भाचीचं लग्न. जाताना म्हणाले, एक काम बाकी शे, मी ईसन करसू, तवलोंग गावातच फिरवा. आल्यावर कोणतं काम करणार ते मी खोदून विचारलं नाही. ए.सी. असेल.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.
काल ठरवलं, भाईंची वाट बघत बसले तर अजून एक शुक्रवार जाणार. गाडी छान चालतेय. चाळीस किलोमीटर सरळ रस्ता. सकाळी ह्यांना तयार केलं, गाडी ओट्याशी आणली. मी चालवत आणली हे ह्यांनी पाहिलं. चेहरा कसा झाला ते सांगता येत नाही. आधी उजळला असं वाटलं. खरंच वाटलं.
मग काठी टेकत दारापर्यंत आले आणि थांबले. खाली बघितलं. "नको."
म्हटलं, अहो, मी रोज चालवतेय. काळजी करू नका.
"नको. नको. सुमन. नको."
मी दंड धरून बसवायला गेले तर काठी उचलून चाकावर मारली. दोनदा, तीनदा. तोंड लाल, डोळ्यांत पाणी. आजारपणाच्या सव्वा वर्षात असा आवाज चढवला नव्हता. समोरच्या जैनांच्या दुकानातून लोक बघायला लागले. शेठजी धावत आले, "डॉक्टरसाहेब, शांत, शांत." दोघांनी धरून आत नेलं.
मॅडमना फोन केला, येत नाही. का, ते सांगितलं नाही.
तेहतीस वर्षं झाली. विसरले नाहीत.

२३ नोव्हेंबर, शनिवार
कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या या वहीतही कधी लिहिलं नाही. आज लिहिते.
अभय पाच वर्षांचा. धडगावकडून परत येत होतो, ह्यांचं सकाळपासून काम झालेलं, डोळे मिटत होते. म्हणाले, घे तू. मी चालवत होते. घाट उतरताना पाचव्या वळणाला समोरून लाकडाचा ट्रक. मी बाजूला घेतली, जास्तच घेतली. डावी चाकं कठड्यावरून खाली. जीप दगडाला अडली म्हणून आज लिहितेय. अभयच्या कपाळाला चार टाके. अजून खूण आहे, तो केस पुढे घेतो.
हे ओरडले नाहीत. ओरडायला हवं होतं. अभयला मांडीवर घेऊन म्हसावदपर्यंत मालट्रकने आलो, वाटेत एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी जीप वर काढली. चावी तेव्हापासून ह्यांच्या शर्टाच्या खिशात. पुन्हा कधी "घे तू" म्हणाले नाहीत, मी कधी मागितली नाही. भांडण झालं असतं तर मिटलंही असतं.
आज दोघांचं जेवण नीट नाही. मुगाची खिचडी तशीच. ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, तोंडातून नुसता "ट... ट..." मी हात सोडवून घेतला. चुकलं माझं. पण सोडवला.

२७ नोव्हेंबर, बुधवार
शब्बीरभाई लग्नाची मिठाई घेऊन आले. सांगितलं त्यांना सगळं. म्हटलं, गाडी विकू या, अभय म्हणतो तेच बरोबर. ह्यांना माझ्या हातची गाडी नको आहे.
भाई ऐकत होते. मग विचारलं, काठी कठे मारी?
चाकावर.
"चाकवर का दारवर?"
चाकावर म्हटलं ना.
उठले, शेडमध्ये गेले. मीही मागे. गुडघे धरून खाली बसले, पुढच्या टायरची कडा थुंकीने पुसली आणि मला वाकायला लावलं. बारीक चार आकडे. "हाई देखा. पहिला दोन म्हंजे हप्ता, मंगना दोन म्हंजे वरीस." एकोणिसावा आठवडा, दोन हजार बारा. गाडीसोबत आलेले टायर. नक्षी अजून खोल, हाताला कोरी लागते, म्हणून मला नि अभयला नवीनच वाटत होते. भाईंनी अंगठ्याने कड दाबली. केसांएवढ्या भेगा उघडल्या, पार आतपर्यंत.
"रबर शे बाई. हायवेवर गरम व्हयनं की फुटस. हाईच काम बाकी व्हतं. डॉक्टरसाहेबले मी दोनदा सांगं, ते म्हने दिवाळीले बदलू. त्या दिवाळीना पहिलेच त्या पडी गयात." मग हळू म्हणाले, "त्या तुमले नही घाबरी ऱ्हायनात. टायरले घाबरी ऱ्हायनात."
मी तशीच ओट्यावर आले. ह्यांच्यासमोर खाली बसले. विचारलं, टायर?
ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग "हो." मग "हो हो हो हो," आणि रडायला लागले. लहान मुलासारखं, खांदे हलवून. पाच दिवस हा माणूस एक शब्द तोंडात घेऊन बसला होता, आणि मी हात सोडवून घेतला होता.
मीही रडले. भाई शेडमधून बाहेर आलेच नाहीत. आत उगाच काहीतरी ठोकत राहिले.

३ डिसेंबर, मंगळवार
चारही टायर नवे. स्टेपनीही. भाईंनी निघताना ह्यांना चाकाशी नेऊन आकडे दाखवले, जसे काही सहीला कागद ठेवलेत. ह्यांनी डाव्या बोटाने एकेक आकडा चाचपला. मग स्वतःच पुढच्या दाराकडे. मागे नाही, पुढे, माझ्या बाजूला.
प्रकाशाच्या पुलावर माझे हात घामाने ओले. मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. ह्यांनी डावा हात खाली-वर केला: हळू, हळू. चाळीसच्या वर गेलेच नाही. तापी भरलेली, आता बॅरेजमुळे बारा महिने भरलेलीच असते. मी म्हटलं, तुमची वाळू पाण्याखाली गेली. ह्यांनी पाण्याकडे बघितलं आणि जरा वेळाने हसले. काय आठवलं ते मला माहीत आहे.
नंदुरबारला शिरताना मिरच्यांचा खकाणा, दोघांनाही शिंका. लाल पथाऱ्या पार दूरपर्यंत.
मॅडमनी विचारलं, आज कुणी आणलं काका? ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. मॅडम म्हणाल्या, बोटाने नाही, तोंडाने. खूप वेळ लागला. "सु-मन." एवढं नाव घरात शंभरदा घेतात, पण आज वेगळं होतं.

२० डिसेंबर, शुक्रवार
सहावी फेरी. एकही चुकली नाही.
वहीत आता मी लिहिते, ह्यांच्या ओळींखाली. "नंदुरबार. ७६ किमी. ब्रेक ठीक. कूलंट पाहिलं." ह्यांना वाचून दाखवावं लागतं. पसंत नसेल तर वहीवर टिचकी मारतात. आज "हवा" लिहायची राहिली होती. टिचकी.
भाईंनी सांगितलंय, फेरी नसली तरी आठवड्यात निदान अर्धा तास फिरवायचीच, इंजिन नीट गरम होऊ द्यायचं. म्हणून रविवारी म्हसावद रस्त्याला थोडं जाऊन येतो. केळीच्या बागांना पाणी सोडलेलं असतं, काच खाली केली की गार वास. ह्यांनी डोळे मिटले तर मी थांबते. झोपलेत की नाही ते बघते.
अभयला माझा स्टिअरिंगवरचा फोटो पाठवला. "आई, तू???" एवढाच मेसेज. संध्याकाळी फोन करून तासभर बोलला. रागावला, मग हसला, मग म्हणाला, नंदुरबारच्या पुढे जायचं नाही हं. कपाळावरच्या खुणेचं दोघांनीही काढलं नाही.

७ जानेवारी, मंगळवार
परतताना प्रकाशाला गाडी लावली. देवळाकडे नाही, नदीच्या बाजूला. थर्मासातला चहा. ह्यांचा कप डाव्या हातात नीट राहतो आता.
विचारून टाकलं. समोर बघत विचारलं, तोंडाकडे बघवत नव्हतं. "घाटात झालं त्यानंतर चावी दिली नाहीत. माझ्यावर राग होता?"
"हो," म्हणाले.
मग लगेच "नको." मग मान हलवली, चिडले, स्वतःच्या छातीवर तळवा आपटला. दोनदा. "मी... मी... झो..." पुढे नाही आलं. कप कलंडला, चहा पँटवर. मी पुसत बसले.
झो. झोप? त्या दिवशी त्यांना झोप येत होती म्हणून स्टिअरिंग मला दिलं, तेच का? म्हणजे तेहतीस वर्षं राग होता तो स्वतःवर? की मला हवं तेच मी ऐकतेय? मॅडम म्हणाल्याच होत्या, काकू, त्यांच्या तोंडात तुमचा शब्द घालू नका, थांबा.
थांबते. पण आज गाडी चालवताना हात हलके होते, हेही खरं.

१७ जानेवारी, शुक्रवार
धुकं. पुलावर समोरचं दिसत नव्हतं. दिवे लावले तर उजवा लागेना. परत येऊन भाईंकडे. बल्बचा होल्डर गंजलेला. भाई म्हणाले, "पहिला वरीसभर असंच निंघी. एक करं की दुसरं बोलस." ह्यांच्याकडे बघून डोळा मारला. "बोलू द्या. बोलनं चांगलं."
मॅडमनी आज गुरांची चित्रं दाखवली. गाय, म्हैस, शेळी. शेळीला ह्यांनी "मोलगी" म्हटलं. मॅडमनी चूक धरली. मी म्हटलं, चूक नाही मॅडम. मग त्यांना वहीतली ती शेळी सांगावी लागली.

३१ जानेवारी, शुक्रवार
मॅडम म्हणाल्या, मार्चनंतर त्या नंदुरबारला नसतील. लग्न ठरलंय, नाशिकला जाणार. दुसरं कुणी येईल का, माहीत नाही. अभय म्हणतो, मग पुण्यालाच या. ह्यांना परतीच्या वाटेत सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ऐकून घेतलं, बाहेर बघत राहिले.
शहाद्यात शिरलो. मी घराकडे वळायला दिवा लावला आणि ह्यांनी हात उचलून समोर केला, म्हसावदकडे. मला वाटलं रविवार समजले. म्हटलं, आज शुक्रवार, घरी जाऊ.
"घाट."
स्वच्छ. कुणी न विचारता, कुणी पहिलं अक्षर न देता.
गाडी कडेला घेतली. पेट्रोल अर्ध्याच्या वर. ब्रेक परवाच पाहिलेले. तीन वाजलेले, ऊन भरपूर. कारण शोधत होते, एकही सापडलं नाही.
म्हसावद गेलं. शेतं संपली, सागाची झाडं सुरू झाली, बरीचशी पानं गळून रस्त्यावर. डोंगराच्या पायथ्याशी दोन पावरा आदिवासी बायका डोक्यावर लाकडं घेऊन चालल्या होत्या, बाजूला झाल्या. मी दुसरा गिअर टाकला. ह्यांनी सीटची कड धरली. पहिलं वळण घेतलं. इंजिन नीट ओढत होतं. वर चार वळणं दिसत होती, नागमोडी, आणि मला एवढंच दिसत होतं की त्यातलं जीप घसरलेलं कोणतं ते.
पहिल्या वळणापुढे रस्ता रुंद आहे. तिथे गाडी थांबवली. इंजिन चालूच. दोघंही वर बघत होतो. मग मीच मागे वळवली. ह्यांनी अडवलं नाही, हात पुढे केला नाही, "हो" नाही, "नको" नाही.
वाटेत मी काहीतरी बोलत होते. पुण्याचं, भाजीचं.
घरी येऊन अर्धा तास झाला. उतरलेच नाहीत. उतरा म्हटलं तर फक्त माझ्याकडे बघितलं. रागावलेत की थकलेत की अजून तिथेच आहेत, कळत नाही. मी टेबलाशी बसून लिहितेय, खिडकीतून शेड दिसते. पुढचं दार उघडं, डावा पाय बाहेर, उजवा आत. गाडीची वही मांडीवर घेतलीय आणि आजची कोरी ओळ बघतायत.
चहा उकळला. दोन कप तिकडेच घेऊन जाते.